व्हिडिओसाठी छोटा शॉटगन माइक कसा निवडावा

शॉटगन माइक म्हणजे आवाजाची दुर्बीण, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ जण दुकानात जातात. प्रत्यक्षात तो दूरचे काहीही जवळ आणत नाही, फक्त बाजूंचे आवाज थोडे दाबतो. माइकच्या नळीला कडेने खाचा असतात. समोरचा आवाज नळीतून सरळ आत जातो, तर बाजूचा आवाज निरनिराळ्या खाचांतून कमीअधिक उशिराने शिरतो आणि त्याचे तरंग एकमेकांना मारतात. मात्र तरंगलांबी नळीच्या लांबीपेक्षा कमी असेल, तेव्हाच हे नीट घडते. 8 सेंटिमीटरच्या नळीसाठी ही मर्यादा साधारण 4,000 हर्ट्‌झच्या वर येते. त्यामुळे त्याहून खालच्या सुरांतली पंख्याची घरघर किंवा शेजारच्या खोलीतले बोलणे अशी नळी अडवू शकत नाही. तेथे आतल्या कॅप्सूलची, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागाची, दिशा जेवढी मदत करील तेवढीच. रोड कंपनीचा 42 ग्रॅमचा व्हिडिओमायक्रो हा माइक शॉटगनसारखा दिसत असला तरी त्याचा पॅटर्न, म्हणजे कोणत्या दिशेचा आवाज किती टिपायचा याची ठेवण, कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचे जास्त आणि मागचे कमी ऐकणारी. म्हणून खोक्यावरील नावापेक्षा आतल्या माहितीपत्रकातील पॅटर्न आधी वाचावा.

खरेदीपूर्वी घरी टेप घेऊन, बोलणाऱ्याचे तोंड आणि माइक यांत किती अंतर राहील ते मोजावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. कॅमेऱ्यावर 2 मीटर दूर बसवलेला माइक 50 सेंटिमीटरवर आणला, तर 12 डेसिबलचा लाभ होतो, आणि एवढा फरक महागडे मॉडेल घेऊनही सहसा पडत नाही. सबब कॅमेरा दूरच ठेवावा लागणार असेल, तर माइकच्या बजेटमधून लांब केबल आणि एक साधा स्टँड यांचे पैसे बाजूला काढावेत.

त्यानंतर जोडणी पाहावी. साडेतीन मिलिमीटरच्या पिनवर दोन काळे पट्टे असतील तर ती कॅमेऱ्यासाठी, तीन असतील तर हेडफोन जॅक असलेल्या मोबाइलसाठी, अशी ढोबळ खूण आहे. जॅकच नसलेल्या मोबाइलसाठी यूएसबी-सी माइक किंवा अडॅप्टर लागेल. कॅमेऱ्याला माइकचा जॅक आहे की नाही, हे मात्र तपासूनच बाहेर पडावे.

वीज कोठून मिळते, हेही विचारावे. काही माइक कॅमेऱ्याकडूनच वीज घेतात, काहींना स्वतःची बॅटरी असते. बॅटरीवाल्यांत 20 डेसिबल वाढवणारा खटका असल्यास तो उपयोगी पडतो, कारण अनेक कॅमेऱ्यांचे स्वतःचे ॲम्प्लिफायर खरखर करतात. माइकवर आवाज वाढवून कॅमेऱ्यावर कमी ठेवता येतो. पण बॅटरीचा माइक चालू करायचे विसरले, तर पूर्ण मुलाखत मुकी निघते. एका लग्नघरी आजीबाईंची तासाभराची मुलाखत मी अशीच घालवली आहे. तेव्हापासून कॅमेऱ्याबरोबर आपोआप चालू-बंद होणाऱ्या माइकलाच मी पसंती देतो. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचे नाही, हा नियमही त्याच दिवसापासूनचा.

बाहेर चित्रीकरण करायचे असेल, तर वाऱ्यापुढे स्पंजच्या टोपीवर भागत नाही. केसाळ आवरण सोबत मिळते की वेगळे घ्यावे लागते, ते विचारून घ्यावे. माइक रबरी किंवा लवचीक झुल्यावर टांगलेला असावा, नाहीतर कॅमेऱ्यावर फिरणारी बोटे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात.

शेवटी दुकानातच चाचणी घ्यावी. आपला कॅमेरा आणि बंद कानांचे हेडफोन सोबत न्यावेत. माइक स्थिर ठेवून एखाद्याला ‘सोसाट्याचा वारा सुसाट सुटला’ असे एकाच पट्टीत म्हणत माइकभोवती सावकाश फिरायला सांगावे. तो बाजूला गेला की ‘स’ बोथट होणारच, पण उरलेला आवाज डब्यातून आल्यासारखा होत असेल, तर तो माइक घेऊ नये. मग सर्वांना दहा सेकंद गप्प बसवून रेकॉर्ड केलेली शांतता ऐकावी. हिस्स असा आवाज माइकवरील खटक्याने आवाज वाढवून कॅमेऱ्यावरील पातळी तेवढीच कमी केल्यावर नाहीसा होत असेल, तर दोष बहुधा माइकचा नसून कॅमेऱ्याचा आहे.