पांढरं दिसलं म्हणजे लाट फुटली असं नाही

माझा मामेभाऊ जहाजावर थर्ड ऑफिसर. जहाज भर अरबी समुद्रात इंजिन बंद करून तरंगत होतं, तेव्हा त्याने वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला : किती लाटा फुटल्या, मोज. मी ऐरोलीत बसून पांढरे पिक्सेल मोजणारा कोड लिहिला आणि ऐटीत आकडा कळवला. दादाचं उत्तर आलं, "अगं, निम्मं तर ऊन मोजलंयस!"

म्हणून आता सूर्याकडची बाजू मी आधीच कापून टाकते. ढगाळ दिवसाचा व्हिडिओ मिळाला तर सोन्याहून पिवळं.

मग एकेक फ्रेम पुढे सरकवायची. लाट फुटते तेव्हा पांढरा पट्टा माथ्यावर उमटतो, पुढच्या उतारावर ओघळतो आणि माथ्याबरोबर पळतो. लाट पुढे गेली की मागे जाळीदार फेस उरतो. तो जागच्या जागी वरखाली होत विरतो. तो मोजायचा नाही. कोड फसतो तो इथेच, कारण हा उरलेला फेस फुटण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

पट्टा माथ्याबरोबर पळतोय का हे पडताळायला लाटेचा वेग हवा, आणि खोल पाण्यात त्याला घड्याळ पुरतं. एका जागी दोन माथे किती सेकंदांनी येतात ते पाहा, त्याला 1.56 ने गुणा. आठ सेकंद असतील तर लाट सेकंदाला साधारण 12.5 मीटर धावते, लांबी, म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर, 100 मीटर. फेसाची कड याहून थोडी मंद असते. जहाज चालू असेल तर मात्र हा हिशोब गंडतो.

नुसत्या उंचीवर विसंबू नका. लांबीच्या सातव्या हिश्श्याहून उंच लाट टिकत नाही, ही ऑस्ट्रेलियन गणितज्ञ मिशेलने 1893 मध्ये खोल पाण्यासाठी काढलेली मर्यादा. म्हणजे इथे 14 मीटर! प्रत्यक्षात लाटा एकमेकींवर चढतात आणि त्याच्या कितीतरी आधी फुटतात.

सरावाला वाशीच्या खाडीकाठचं सागर विहार चालेल. हसू नका. पाणी लाटेच्या निम्म्या लांबीहून खोल असलं की लाटेच्या लेखी ते खोलच. दीड सेकंदाची लाट साडेतीन मीटर लांबीची, तिला पावणेदोन मीटर पाणी पुरे. भरती नुकतीच उलटलेली आणि वारा ओहोटीच्या विरुद्ध, अशी वेळ गाठा. लाटा चटकन उभट होतात. खाडीत थर्माकोलचे तुकडेही तरंगतात. माझ्या कोडने तेही पकडले होते, पण माथ्याबरोबर पळेनात म्हणून गळले.