आधी फिल्म, मग मोजपट्टी: एनएफएल ड्राफ्टची तयारी

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचे संघ कॉलेज खेळाडूंना आळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो. सात फेऱ्या, ३२ संघ आणि अडीचशेच्या वर कॉलेज खेळाडू. पहिली फेरी भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. तोवर स्वतःची क्रमवारी तयार हवी असेल तर जानेवारीतच कामाला लागा. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका: फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे खेळाडूंच्या शारीरिक चाचण्यांचं शिबिर भरतं, त्याआधी फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण पाहून झालेली मतं तारखेसकट वहीत उतरलेली असली पाहिजेत. चाळीस यार्डांच्या धावेचा ४.३ सेकंद हा आकडा एकदा डोक्यात बसला की तोच खेळाडू फिल्मवरही आपोआप चपळ दिसू लागतो.

अडीचशे जणांच्या मागे लागू नका. चाळीस पुरेत, आणि तेही दोन-तीन जागांवरचे. नावापुढे जन्मतारीख लिहाच. हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की खेळाडू ड्राफ्टला पात्र ठरतो, त्यामुळे एकाच यादीत २१ वर्षांचा आणि २४ वर्षांचा शेजारी-शेजारी बसतात. चोविशीतला गडी एकोणीस वर्षांच्या पोरांना ढकलून देतो यात नवल नाही. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने २२व्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) ब्रँडन वीडन तेव्हा २८ वर्षांचा होता.

प्रत्येकाचे निदान चार सामने काढा: सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक परक्या मैदानावरचा, एक हंगामाच्या सुरुवातीचा, एक शेवटचा. हायलाइट्स नकोत, त्यात हरलेले डाव नसतात. बावीसही खेळाडू दिसणारं उंचावरचं चित्रण मिळालं तर उत्तम. टीव्हीच्या चित्रणावर भागवायचं असेल तर लाइनमन (पुढच्या फळीतले) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) नीट पारखता येतात. मागे राहून पास अडवणारे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी मात्र निम्मा वेळ चौकटीबाहेर असतात. त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनेच लिहा.

टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाचा लाइनमन, कसा पाहायचा ते घ्या. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि आठ-दहा यार्ड बाकी असलेले डाव वेगळे काढा. पहिल्या वेळी फक्त पाय पाहा, चेंडू विसरा. डावा टॅकल स्नॅपबरोबर (चेंडू मागे दिला जाताच) बाहेरचा, म्हणजे डावा पाय मागे टाकतो. त्या पावलानंतर दोन्ही टाचा एकमेकींना चिकटल्या तर पाया गेला, समोरच्याने छातीत धडक दिली की तो थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर जाणार. पाऊल फार बाहेर पडलं तर आतली वाट उघडी राहते, आणि चांगला रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) नेमका तिथूनच वळतो. दुसऱ्या वेळी हात पाहा. हात उशिरा आणि खांद्यांच्या बाहेर पडत असतील तर होल्डिंगचे, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचे दंड ठरलेले. गुडघ्याऐवजी कमरेतून वाकतोय का, हेही टिपा. हरलेल्या प्रत्येक डावापुढे एकच अक्षर लिहा: पायाने हरला तर पा, हाताने हरला तर हा, आणि दोन रशर एकमेकांना ओलांडून आल्यावर कोणाला धरायचं हेच कळलं नाही तर गो, म्हणजे गोंधळ. सामन्याचे साठ-सत्तर डाव असे पाहायला दोन तास लागतात. गोंधळ सरावाने कमी होतो, हातही शिकवता येतात. पायांच्या बाबतीत कोचही फार काही करू शकत नाहीत.

क्वार्टरबॅकचे आकडे उतरवण्याआधी कॉलेज आणि एनएफएलमधले नियमभेद ध्यानात घ्या, नाहीतर हिशेबच चुकतो. कॉलेजात सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेल्याने) गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासिंगच्या. म्हणून कॉलेजच्या आकड्यांत चांगला धावणारा क्वार्टरबॅकही उगाच मंद वाटतो. पास टाकला जाताना कॉलेजात लाइनमन तीन यार्ड पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच. त्या मोकळिकीवर मिळालेले सोपे पास आणि स्क्रीन (लाइनमनच्या आडून टाकलेले छोटे पास) वेगळे मोजा. डाव ज्यांच्या दरम्यान सुरू होतो त्या हॅशच्या खुणांच्या दोन रांगांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे एका कडेच्या हॅशवरून पलीकडच्या बाजूरेषेकडे टाकलेला पास कॉलेजात जास्त लांबचा असतो, आणि हाताची ताकद पाहायला तोच डाव उपयोगी. चेंडू हवेत तरंगतो की सरळ सुटतो, बघा. रिसीव्हरचे बाजूरेषेवरचे झेल थांबवून तपासा. कॉलेजात एक पाय आत पडला की झेल मान्य, एनएफएलमध्ये दोन लागतात.

आता मोजपट्टी. चाळीस यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. कम्बाइनला घड्याळ हाताने सुरू होतं आणि यंत्राने थांबतं. कॉलेजांच्या प्रो डेला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांना, बहुधा सगळंच हातघड्याळावर, म्हणून तिथली वेळ कमी येते. दोन्ही आकडे एका रकान्यात घालू नका. लाइनमनसाठी चाळीसपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ कामाची, तो पुढचे तीस यार्ड सरळ धावतो तरी कधी? टॅकल ऑर्लँडो ब्राउन ज्युनियरने २०१८ मध्ये ५.८५ सेकंद घेतले, तो तिसऱ्या फेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि पुढे अनेकदा प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला गेला. उलट जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ ची नोंद केली, तो नववा उचलला गेला, आणि कारकीर्द दुखापतींतच अडकली. आकडा फिल्मशी जुळला नाही तर फिल्मकडे परत जा. बऱ्याचदा वहीत न लिहिलेलं काहीतरी सापडतं. आकडा पाहून मत बदललंच तर जुनं खोडू नका, खाली नव्या तारखेने लिहा.

वैद्यकीय तपासणी हा संघांसाठी कम्बाइनचा सगळ्यात मोलाचा भाग, पण अहवाल आपल्यापर्यंत येत नाहीत. हुकलेले सामने आणि दुखापतीची बाजू एवढंच टिपा. त्याच गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया ही वेगळ्या गुडघ्याच्या पहिलीपेक्षा गंभीर धरा.

शेवटच्या आठवड्यात इतरांचे अंदाज वाचणं बंद करा. प्रत्येक नावापुढे गुणांऐवजी एक वाक्य लिहा: पहिल्या वर्षी कोणत्या डावात मैदानावर उतरेल? उत्तर सुचत नसेल तर त्याला दोन फेऱ्या खाली सरकवा. ड्राफ्टनंतर वही फेकू नका. निवडलेल्यांचा पहिला करार चार वर्षांचा असतो, आणि पहिल्या फेरीतल्यांच्या पाचव्या वर्षाचा निर्णय संघ तिसऱ्या हंगामानंतर घेतात. तेव्हा ती पा, हा, गो अक्षरं पुन्हा उघडून बघा.