ध्यास कधी म्हणायचं, कधी नाही

भाचीने कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण परवा व्हॉट्सअॅपवर पाठवलं, त्यात एक वाक्य होतं, 'आजच्या तरुणांना मोबाईलचा ध्यास लागला आहे'. मी तिथेच अडलो. मोबाईलचा नाद लागतो, वेड लागतं, फार तर व्यसन म्हणा, पण ध्यास नाही. मामा, मग ध्यास कशाला म्हणायचं, असं तिने विचारलं, तर तिला सांगितलं तेच इथे लिहितो.

ध्यास म्हणजे एकच गोष्ट मनात धरून रात्रंदिवस तिच्या मागे असणं, जेवताना तीच आणि झोपतानाही तीच. मूळ शब्द निदिध्यास, ध्यै म्हणजे चिंतन करणे या संस्कृत धातूचा, ध्यान हा शब्दही त्याच घरातला. उपनिषदात आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन असा क्रम येतो, म्हणजे ऐकून झालं, विचार करून झाला, तरी जे सुटत नाही ते.

आपल्या नाशिककरांना उदाहरण लांब शोधायला नको. दादासाहेब फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला आणि मग सिनेमांमागे असे लागले की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर १९१२ साली लंडनला जाऊन आले, मग कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढेल तसतशी एकेक फ्रेम घेत बसले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि १९१३ च्या मे महिन्यात राजा हरिश्चंद्र लागला. हा ध्यास. वेड म्हटलं तरी चालेल, पण त्या वाटाण्यापुढे रोज जाऊन बसणं त्या शब्दात येत नाही.

आता वाक्यात कसा बसवायचा. आपोआप जडला तर लागणे, ठरवून मागे लागलो तर घेणे. 'मला गाण्याचा ध्यास लागला', पण 'तिने डॉक्टर व्हायचा ध्यास घेतला'. शब्द पुल्लिंगी आहे त्यामुळे बोलणारी बाई असली तरी घेतलाच, 'ध्यास घेतली' असं हल्ली खूप वाचायला मिळतं ते चूक. ध्यास करणे असं कुणी म्हणत नाही. छंद रविवारचा असतो, खूळ चार दिवसांत उतरतं. हव्यासाशी मात्र गल्लत करू नका, तो लोभाचा शब्द आहे, पैशाचा हव्यास.

दिंडोरीला आमच्या काकांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली आणि आभाळ आलं की रात्री बॅटरी घेऊन ते ओळीओळीने फिरतात, एकेक पान उलटं करून खालच्या बाजूला डावणी या बुरशीच्या रोगाचा पांढरा थर दिसतो का बघतात. काकू दारातून म्हणते, "ह्यांना बागेचा नुसता ध्यास लागलाय बाई, ताट वाढून ठेवलंय अन् हे तिकडंच." काकूने व्याकरण शिकलेलं नाही, पण शब्द नेमका जागेवर पडतो.

आणि एक राहिलंच, 'माझे अनेक ध्यास आहेत' असं लिहू नका. तिथे आवडी म्हणा.