अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून पळायचंय? रिक्रूटिंगमधल्या या चुका टाळा

न्यू जर्सी असो, टेक्सास असो की बे एरिया, हायस्कूलच्या क्रॉस कंट्री (मैदानं-टेकड्यांवरून पळायच्या) शर्यतींना हल्ली मराठी आईबाप हमखास भेटतात. मुलं जीव तोडून पळतात, पण कॉलेजच्या टीममध्ये निवड होण्याचा, म्हणजे रिक्रूटिंगचा, विषय निघाला की बहुतेक घरांत एकच चूक होते: कोच आपल्याला शोधत येईल म्हणून वाट बघत बसणं. राज्यातल्या अगदी वरच्या मुलांच्या बाबतीत तसं घडतंही. बाकीच्यांनी स्वतःच लिहायचं असतं.

डिव्हिजन वनचे (कॉलेजमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या सगळ्यात वरच्या गटाचे) कोच सोफोमोर वर्ष (दहावी) संपल्यावर, १५ जूनपासून मुलांशी थेट बोलू शकतात. मुलाने त्याआधी मेल पाठवायला हरकत नसते, फक्त उत्तर येत नाही. त्यालाच नकार समजून अनेक मुलं पुन्हा लिहीतच नाहीत. जूननंतर नव्या वेळा टाकून पुन्हा लिहा.

मेल मुलानेच लिहायचा, बाबांनी नाही. कोचला चार वर्षं काम करायचंय ते मुलाबरोबर. ‘मेहनती, नम्र, शिस्तीचा’ ही विशेषणं काढून टाका. कोचची नजर आधी आकड्यांवर जाते. असं काहीतरी पुरतं: ‘मी २०२७ मध्ये ग्रॅज्युएट होईन. १६०० मीटर ४:२६, ३२०० मीटर ९:३४, दोन्ही याच मे महिन्यातल्या वेळा. आठवड्याला ३५ मैल पळतो. जीपीए ३.८. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचंय.’ खाली निकालांची लिंक आणि शाळेच्या कोचचा फोन. आठवड्याचे मैल मुद्दाम लिहा. ३५ मैलांवर ९:३४ आणि ७० मैलांवर ९:३४ यांत पहिल्या मुलात वाढीला जास्त जागा आहे, हे कोचला लगेच दिसतं.

फक्त क्रॉस कंट्रीच्या वेळेवर विसंबू नका. न्यू जर्सीतल्या होल्मडेल पार्कचे चढ आणि तिथला ‘बोल’ (वाडग्यासारखा) नावाचा खड्डा पार करून आलेली वेळ सपाट कोर्सवरच्या वेळेशी कशी ताडणार? कॅलिफोर्नियातली वुडब्रिजची शर्यत तर ३ मैलांचीच असते, म्हणजे ५ किलोमीटरपेक्षा सुमारे १७० मीटर कमी. ट्रॅकचे ४०० मीटर मात्र सगळीकडे ४०० मीटरच असतात. म्हणून ज्युनिअर वर्षाच्या (अकरावीच्या) वसंतात ३२०० मीटरची एक तरी चांगली, मनासारखी शर्यत हवी. कॉलेजात पुढे ५००० आणि १०,००० मीटर पळायचे असल्याने कोच याच वेळेकडे निरखून बघतात.

कॉलेजांची यादी नावावरून करू नका. टीएफआरआरएस या कॉलेज शर्यतींच्या निकालांच्या वेबसाइटवर त्या टीमच्या सध्याच्या वेळा बघा आणि तिथले फ्रेशमन (पहिल्या वर्षाची मुलं) हायस्कूलमध्ये किती पळत होते ते ॲथलेटिक डॉट नेटवर शोधा. तासाभरात आपण कुठे बसतो ते कळतं.

‘फुल स्कॉलरशिप’चं स्वप्न सगळ्यात महागात पडतं. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनमध्ये पुरुषांच्या अख्ख्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्री टीमला मिळून जास्तीत जास्त १२.६ आणि महिलांना १८ स्कॉलरशिपा असत. स्प्रिंटर, थ्रोअर सगळे त्यातच. २०२५-२६ पासून, कोर्टातल्या तडजोडीने आलेली नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत ही मर्यादा गेली, पण टीमच्या आकारावर मर्यादा आली: क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. त्यामुळे वॉक-ऑनच्या (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये येणाऱ्यांच्या) जागा आटल्या. तेव्हा ‘पैसे किती?’ याच्या आधी ‘माझी जागा पक्की आहे का?’ हे विचारा. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, पण कोचचा शब्द प्रवेशात उपयोगी पडू शकतो. ज्युनिअर वर्षानंतरच्या उन्हाळ्यात काही ठिकाणी कोच मुलाची ट्रान्सक्रिप्ट ॲडमिशन ऑफिसकडून आधीच तपासून घेतात. त्याला प्री-रीड म्हणतात. अभ्यासात हुशार मुलांसाठी मला हा रस्ता सगळ्यात चांगला वाटतो, आणि आपल्याकडे त्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

डिव्हिजन वनसाठी हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यांतले १० सीनिअर वर्षाआधी (बारावीआधी) संपलेले हवेत. महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्यांनी बोर्डाच्या मार्कशीट आणि शर्यतींत मिळालेल्या बक्षिसांच्या रकमांचा हिशोब जपून ठेवावा, एनसीएए विचारते. बारावीनंतर वर्ष वाया घालवत शर्यती पळत राहिलात तर खेळण्याच्या वर्षांवर गदा येऊ शकते.

आता तब्येतीचं. वेळ उतरत नाही म्हणून मैल वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. शाकाहारी घरातल्या मुलांना, विशेषतः मुलींना, लोह कमी पडण्याचा धोका जास्त असतो. मुलीची पाळी थांबली असेल तर ‘पळण्याने होतं तसं’ म्हणून सोडून देऊ नका. पोटाला पुरेसं न मिळाल्याची ती खूण असू शकते, आणि तिथूनच हाडाचे स्ट्रेस फ्रॅक्चर सुरू होतात.

कॅम्पस व्हिजिटला गेल्यावर मुलाने कोच नसताना टीममधल्या मुलांना विचारावं: तुमच्याबरोबर आलेल्यांपैकी आज किती जण टीममध्ये आहेत? दुखापत झाली तेव्हा कोच कसे वागले? या उत्तरांपुढे नव्या लॉकर रूमला फारशी किंमत नाही. निर्णय झाला की ज्यांना नकार द्यायचाय त्या कोचनाही दोन ओळींचा मेल त्याच आठवड्यात पाठवा. त्यांनी राखलेली जागा दुसऱ्या कुणाला तरी हवी असते.