बंद पडलेला जुना डेस्कटॉप: तपासणीची सुरुवात विजेपासून

आठ-दहा वर्षे वापरलेला डेस्कटॉप एके दिवशी बटण दाबूनही सुरू होत नाही, तेव्हा ‘मदरबोर्ड गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. खानदेशात ऊन, धूळ आणि कमी-जास्त होणारा वीजदाब हेच मुख्य संशयित असतात. म्हणून तपासणी वीजपुरवठ्यापासून सुरू करावी आणि एका वेळी एकच भाग बदलावा; दोन भाग एकदम बदलले तर संगणक सुरू होतो खरा, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो.

कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर आधी अर्थिंग तपासून घ्यावे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि गळणारी वीज जमिनीत उतरत नाही. खड्ड्यात पाणी घातल्यानेही पुष्कळदा फरक पडतो. कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, तपासण्यासाठी त्याचे सगळे कनेक्टर सोडवून फक्त एखादी निकामी हार्ड डिस्क भार म्हणून जोडावी, २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी तार आणि कोणतीही काळी तार वायरच्या तुकड्याने जोडावी आणि मगच वीज सुरू करावी. पंखा फिरला नाही, तर एसएमपीएस बदलावा. फिरला तरी लगेच निर्धास्त होऊ नये. मल्टिमीटरवर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमधील कनेक्टर आणि तारांचे रंग वेगळे असतात, तेथे ही रीत वापरू नये. नवा एसएमपीएस घेतानाही जुना सोबत न्यावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

वीज ठीक असेल, तर प्रोसेसरजवळचे उभे कपॅसिटर निरखून पाहावेत. त्यांचा माथा सपाट असायला हवा; तो फुगलेला असेल किंवा त्यावर तपकिरी खपली दिसत असेल, तर तो कपॅसिटर गेलेला असतो. तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा आणि १०५ अंशांचा कपॅसिटर जाणकाराकडून डाखवून घ्यावा.

बीप वाजत राहतो आणि पडदा काळाच राहतो, तेव्हा रॅम पाहावी. पट्टी काढून सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी, कण झटकावेत आणि एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. रॅमच्या प्रकारांपैकी डीडीआर२ला १.८ आणि डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर करू नये.

गेल्या मे महिन्यात चोपडा तालुक्यातील एका आडत दुकानातला संगणक रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद पडत असे आणि संध्याकाळी बिनतक्रार चालत असे. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये रुईचे तंतू आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर जमला होता. तो ओढला तेव्हा अखंड निघाला. असा थर रंगाच्या कोरड्या ब्रशने काढावा आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट सुकून घट्ट झालेली असते, म्हणून हीटसिंक सरळ न उपटता थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा, नाहीतर काही मदरबोर्डांवर प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपसला जातो. नवी पेस्ट तुरीच्या डाळीएवढी पुरे होते.

संगणकाचे घड्याळ रोज मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा. तारीख चुकली की बँकेच्या संकेतस्थळांवर सुरक्षेचे इशारे येतात आणि लोक विनाकारण व्हायरस शोधत बसतात.

हार्ड डिस्क टकटक करू लागली, तर दुरुस्तीच्या आधी हिशेबाच्या फायलींची प्रत काढावी. डिस्क नुसतीच अधूनमधून दिसेनाशी होत असेल, तर पहिल्यांदा साटा केबल (डिस्क मदरबोर्डाला जोडणारी) बदलून पाहावी. नवी डिस्क घ्यायचीच असेल, तर अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्यावी. जुन्या ३ गिगाबिटच्या पोर्टवरही ती चालते, आणि जुन्या यंत्रावर केलेला हाच खर्च माझ्या मते सर्वांत वसूल होतो.

एवढे करूनही संगणक सुरू झाला नाही, तरच मदरबोर्डाचा विचार करावा. जुन्या सॉकेटचा बोर्ड बहुधा वापरलेलाच मिळतो. त्यामुळे आपला प्रोसेसर आणि रॅम दुकानात नेऊन, त्यावरच तो अर्धा तास चालवून पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.