सर्व्हरची हार्ड ड्राइव्ह घरच्या संगणकात बसवताना

सर्व्हरसाठी बनलेली १६ टीबीची ड्राइव्ह घरी चालते का? चालते, पण ती सॅटा (घरच्या संगणकातली नेहमीची जोडणी) असेल तर, आणि फोटो, व्हिडिओ, बॅकअप साठवण्यापुरती. विंडोज एसएसडीवरच राहू द्या.

पैसे देण्याआधी मागचा कनेक्टर बघा. सॅटा ड्राइव्हमध्ये डेटा आणि वीज या दोन पट्ट्यांच्या मध्ये खाच असते. ती खाच प्लास्टिकने भरलेली दिसली तर ड्राइव्ह सॅस, म्हणजे सर्व्हरच्या जोडणीची आहे. मदरबोर्डच्या सॅटा पोर्टला ती लागतच नाही. वेगळं कंट्रोलर कार्ड आणि वेगळी केबल घ्यावी लागते. त्यात काहींचे सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) ५२० बाइटचे निघतात, ते ५१२ चे करण्यात तासन्‌तास जातात. फुकटात मिळत नसेल तर सोडून द्या.

ड्राइव्ह लावली, पण फिरत नाही आणि बायोसमध्येही (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसत नाही? बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. नव्या सॅटा मानकात विजेच्या पट्टीतली तिसरी पिन ड्राइव्ह दुरून बंद करायला वापरतात. जुने पॉवर सप्लाय त्याच पिनवर सतत ३.३ व्होल्ट देतात, म्हणून ड्राइव्ह ‘बंद राहा’ असा हुकूम समजून गप्प बसते. संगणक बंद करून प्लग काढा. कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) जेमतेम साडेतीन मिलिमीटर रुंद पट्टी कापा आणि डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजून विजेच्या पहिल्या तीन पिना झाका. चौथी उघडी ठेवा. केबल तिरकी घुसवली तर टेप सरकते, सरळ दाबा. मोलेक्स (पॉवर सप्लायचा जुना चार पिनांचा प्लग) ते सॅटा अडॅप्टरनेही काम होतं, पण स्वस्तातले साच्यात ओतलेले अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. टेपच बरी.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींतली कच्ची संख्या (रॉ व्हॅल्यू) शून्य हवी. वापराचे तासही बघा: ८,७६० तास म्हणजे अखंड एक वर्ष. मात्र हा आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेट कंपनीच्या एक्झॉस या सर्व्हर ड्राइव्ह वापरलेल्या असून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, तेव्हा स्मार्टमधले (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास शून्यावर आणलेले होते. खरे तास सीगेटच्या फार्म या वेगळ्या अंतर्गत नोंदीत सापडले. वॉरंटीसाठी सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः टाका. सर्व्हर कंपनीला पुरवलेल्या ड्राइव्हवर ग्राहकाला थेट वॉरंटी सहसा मिळत नाही.

डेटा टाकण्याआधी लांब स्मार्ट चाचणी लावा. १६ टीबीला एक पूर्ण दिवस धरा. ड्राइव्हचं विभाजन जीपीटी या नव्या पद्धतीचं करा, जुन्या एमबीआर पद्धतीला २ टीबीपुढचं दिसत नाही.

खराब सेक्टर लागला की ही ड्राइव्ह साधारण ७ सेकंदांत नाद सोडते, कारण सर्व्हरमध्ये तोच डेटा रेडमधल्या (एकत्र जोडलेल्या ड्राइव्हच्या संचातल्या) बाकीच्या ड्राइव्हवरून भरून काढतात. घरी ती एकटीच असते, तेव्हा दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

आवाजाची तयारी ठेवा. काही हीलियम वायू भरलेल्या ड्राइव्ह काम नसतानाही दर पाच सेकंदांनी ‘टक्’ करतात. तो दोष नव्हे. रबरी वॉशर लावून कंप कमी होतो, टकटक नाही.