हवा बिघडली की या चुका टाळा

दिवाळी संपली की आमच्या चेंबूरच्या सोसायटीत दोन गोष्टी सुरू होतात: खोकला आणि माझा फोन. वीस वर्षं एसी दुरुस्त केले, त्यामुळे हवेची कुठलीही तक्रार माझ्याच दारात येते.

गेल्या डिसेंबरात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं. काकांना दमा आहे, म्हणून मुलाने एअर प्युरिफायर घेऊन दिला होता. "दोन महिने रात्रंदिवस चालू आहे हो, ह्यांचा खोकला तसाच. मशीनच खराब दिलंय." मागचं झाकण काढलं तर फिल्टर पांढराशुभ्र. रस्त्याकडेचं घर, दोन महिने मशीन चालू, आणि फिल्टर पांढरा? हात लावला तर कुरकुर आवाज आला. फिल्टर अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता! दोन महिने नुसता पंखा फिरत होता आणि विजेचं बिल चढत होतं. माहितीपुस्तिका खोक्यात तशीच, घडीही मोडलेली नाही. मुलगा म्हणाला, "काका, प्लग लावला की झालं असं वाटलं." हल्लीच्या मुलांना दोन मिनिटं वाचायचा धीर नसतो आणि महिन्याभरात तेच मशीन निम्म्या किमतीत विकायला काढतात.

पिशवी फाडली, मशीन बेडरूममध्ये नेलं, दार-खिडकी लावायला सांगितलं. एका मशीनने हॉल, किचन आणि बाल्कनी साफ होत नाही. झोपायची एक खोली धरायची. सगळं बंद ठेवलं की घर कोंदट होतं, म्हणून खिडक्या दुपारी उघडायच्या. मी माझा फिल्टर दर महिन्याला मेंटेनन्स भरायच्या दिवशी बघतो, म्हणजे विसरत नाही. आणि मशीन आलं म्हणून काकांनी दम्याचा रोजचा पंपही (इन्हेलर) बंद केला होता! पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचा नाही. मशीन म्हणजे औषध नव्हे.

दुसरा माझा राग पहाटेच्या फिरण्यावर. "पहाटेची हवा शुद्ध" हे गावाकडे ठीक. मुंबईत हिवाळ्यात जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते, आणि रात्रभराचा ट्रकचा धूर, बांधकामाची धूळ तिथेच साचून राहते. समुद्रावरचा वारा दिवस वर आल्यावरच सुटतो. आमच्या ज्येष्ठ मंडळींचा ग्रुप मात्र साडेपाचला हमरस्त्याच्या कडेने दीर्घ श्वास घेत निघतो. मी दुपारी चारला आतल्या गल्लीत फिरतो. आळशी म्हणतात, म्हणू देत.

अ‍ॅपवरच्या हवेच्या आकड्यांवरून भांडू नका. पीएम २.५ म्हणजे हवेतले बारीक कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तर आपला भारतातला हवेचा निर्देशांक (एक्यूआय) १०० येतो, 'समाधानकारक'. त्याच हवेला अमेरिकी मोजपट्टी लावणारं अ‍ॅप १५० च्या वर दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर दिवसाला १५ मायक्रोग्रॅमच आहे. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवरचा आकडा गेल्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. समोर धूर दिसतोय आणि आकडा बरा, असं म्हणूनच होतं.

ओढणी किंवा रुमाल हा मास्क नाही. एन-९५ घ्या आणि नाकावरची पट्टी दाबा.

एसीची जाळी धूळ अडवते, बारीक कण नाही. हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलोय.

मनी प्लांटने घरातली हवा साफ होत नाही. छान दिसतो, एवढंच.

कोरडा झाडू नको, ओला फडका मारा.

समोरच्या टॉवरची धूळ यायला लागली म्हणून आमच्या सेक्रेटरींनी महापालिकेला पत्र लिहिलं. बरोबरच केलं, ऑक्टोबर २०२३ च्या नियमांप्रमाणे ७० मीटरपेक्षा उंच बांधकामाभोवती ३५ फूट उंच पत्र्याचं कुंपण लागतं. पण पत्र टाइप होत होतं तेव्हा खाली आमचाच वॉचमन सुका पाला पेटवत होता. मी बादलीभर पाणी ओतलं, तर कचरा ओला केला म्हणून ओरडा मलाच!

परवा काकूंचा पुन्हा फोन. "रोज संध्याकाळी सातला मशीनवर लाल दिवा लागतो, बिघडलंय." वर जाऊन पाहिलं, तर देव्हारा बेडरूममध्येच आणि मशीनला लागून धूप. म्हटलं, धूप बाल्कनीत दाखवा. "म्हणजे देव बाल्कनीत बसवू का?" शेवटी तडजोड झाली: रोज निरांजन, धूप फक्त गुरुवारी.